नवं मोरोक्कन रेस्टॉरंट उघडलंय? जाण्याआधी हे वाचा

तुमच्या शहरात नवं मोरोक्कन रेस्टॉरंट उघडलं असेल, तर ते आतून कसं दिसतं हे मी न बघताच बऱ्यापैकी सांगू शकते. छताला भोकाभोकांचे पितळी कंदील, भिंतीलगत बसक्या गाद्या आणि लोड, निळ्या-हिरव्या फरश्यांचा एखादा पट्टा. टेबलावर शंकूसारख्या झाकणाचं मातीचं भांडं येतं, वेटर झाकण उचलतो, वाफ निघते आणि आजूबाजूचे चार फोन वर होतात. मेनूत आधी हमस आणि फलाफल, मग पाच-सहा प्रकारची ताजीनं, प्रत्येकासोबत 'कुसकुस किंवा भात', आणि शेवटी पुदिन्याचा चहा. शनिवारी रात्री बहुतेक बेली डान्स.

यातलं बरंच काही मोरोक्कोचं नाही. हमस आणि फलाफल लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइन, इजिप्त या पट्ट्यातले. बेली डान्सही तिकडचाच. ताजीनसोबत कुसकुस ही जोडीसुद्धा मोरोक्कोतल्या घरात सहसा दिसत नाही. तिथे ताजीन पावाशी खातात, आणि कुसकुस म्हणजे भाज्या, मांस, रस्सा यांच्यासकट एक अख्खं जेवण असतं. दोन्ही एका ताटात म्हणजे आपल्याकडे पिठल्यासोबत बिर्याणी वाढण्यासारखं झालं.

पण हे सगळं वाचून तुम्ही तिथे जाऊन नाक मुरडावं असं मला मुळीच वाटत नाही. 'ऑथेंटिक नाहीये' एवढं म्हणून परत येणं फार सोपं आहे, आणि त्यातून कळत काहीच नाही. मेनू असा का झाला याला कारणं आहेत. ती माहीत असली तर त्याच मेनूतून चांगलं काय मागवायचं हेही कळतं. सगळ्यात मोठं कारण आहे वेळ. मोरोक्कन स्वयंपाकातले नावाजलेले पदार्थ तासन्‌तास घेणारे, बहुतेक वेळा घरातल्या बायकांनी मिळून करायचे. रेस्टॉरंटला मात्र गिऱ्हाईक बसल्यापासून वीस मिनिटांत ताट द्यायचं असतं.

कुसकुसचंच बघा. कुसकुस म्हणजे रवा, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आपल्या रव्यापेक्षा कडक अशा ड्यूरम गव्हाचा रवा मोठ्या पसरट परातीत घ्यायचा, त्यावर मिठाचं पाणी शिंपडायचं, थोडं पीठ भुरभुरायचं आणि तळहाताने गोलगोल फिरवत राहायचं. रव्याच्या कणाभोवती पिठाचा थर बसतो आणि बारीक दाणे तयार होतात. ते चाळायचे, बारीक राहिलेले पुन्हा वळायचे. मग शिजवणं. खाली मोठ्या पातेल्यात मांस-भाज्यांचा रस्सा उकळत असतो आणि त्यावर चाळणीसारखं भांडं बसवून त्यात कुसकुस ठेवतात. म्हणजे तो रश्श्याच्या वाफेवर शिजतो, आपल्या मोदकपात्रासारखाच. पंधरा-वीस मिनिटांनी काढायचा, परातीत पसरायचा, पाणी शिंपडायचं, तेल चोळायचं, गुठळ्या हाताने मोडायच्या आणि परत वाफेवर. असं दोन-तीनदा. दर फेरीत दाणा थोडं पाणी पितो, थोडा फुगतो. एकदम पाणी दिलं तर बाहेरचा स्टार्च चिकट होतो आणि आतला भाग कच्चा राहतो. टप्प्याटप्प्याने दिल्यावर प्रत्येक दाणा मऊ होऊनही सुटा राहतो. उपमा गिचका झालेला ज्यांनी खाल्लाय त्यांना हा फरक वेगळा सांगायला नको.

सुपरमार्केटमधल्या पाकिटात मिळतो तो आधीच वाफवून वाळवलेला कुसकुस. उकळतं पाणी ओतलं, झाकण ठेवलं, पाच मिनिटांत तयार. तो वाईट नसतो. मोरोक्कोतही घाईच्या दिवशी वापरतात. पण ताजीनच्या बाजूला वाटीभर कोरडा कुसकुस येतो तो बहुतेक ठिकाणी हाच, आणि तो चाखून 'कुसकुसमध्ये एवढं काय आहे' असं वाटणं अगदी साहजिक आहे. रश्श्याच्या वाफेचा वास त्यात कधी गेलेलाच नसतो.

खरा कुसकुस मोरोक्कोत शुक्रवारी होतो. दुपारच्या नमाजानंतर घरचे सगळे जमतात आणि मधोमध एक मोठं गोल ताट येतं. कुसकुसचा डोंगर, त्याच्या पोटात मांस, वर गाजर, नवलकोल किंवा सलगम, भोपळा, कोबी, चणे. २०२० मध्ये युनेस्कोने कुसकुसची परंपरा आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. अर्ज अल्जीरिया, मॉरिटानिया, मोरोक्को आणि ट्युनिशिया या चार देशांनी मिळून केला होता. अल्जीरिया आणि मोरोक्को यांचं राजकारणात किती वाकडं आहे हे ठाऊक असेल, तर दोघांची सही एका कागदावर येणं ही काय चीज होती ते कळेल. (इडली कुणाची, रसगुल्ला कुणाचा या आपल्या भांडणांची आठवण येते ती येतेच.)

म्हणून पहिली सूचना: रेस्टॉरंटमध्ये कुसकुस फक्त शुक्रवारी मिळतो असं लिहिलं असेल, तर ती अडचण समजू नका. कुणीतरी आत खरोखर तीन वेळा वाफवतंय याची ती सगळ्यात चांगली खूण आहे.

आता ताजीन. हे नाव भांड्याचंही आहे आणि त्यातल्या पदार्थाचंही, आपल्या 'हंडी'सारखं. शंकूच्या झाकणाबद्दल इंटरनेटवर बरंच काव्य वाचायला मिळतं: वाफ वर जाते, थंड होते, थेंब परत मांसावर पडतात, म्हणून मांस लोण्यासारखं होतं. माझं संशोधन उष्णतेच्या वहनावर आहे, त्यामुळे इथे जीभ आवरत नाही. वाफ झाकणावर थंड होऊन परत पडते हे खरं, पण ते कुठल्याही जड झाकणाच्या पातेल्यात होतं. शंकूचं टोक विस्तवापासून लांब आणि पृष्ठभाग मोठा, त्यामुळे ते जरा जास्त थंड राहतं, एवढंच. मांस मऊ होतं ते मुख्यतः वेळेमुळे. प्राण्याच्या ज्या स्नायूंना जास्त काम पडतं, म्हणजे नळी, मान, खांदा, त्यात कोलॅजेन भरपूर असतं. ऐंशी-नव्वद अंशांच्या आसपास दोन-तीन तास मिळाले की त्याचं जिलेटिन होतं. मातीचं भांडं हळू तापतं, हळू निवतं, आणि खाली कोळशाची मंद शेगडी असते, त्यामुळे हे दोन-तीन तास करपल्याशिवाय पार पडतात. मातीचा खरा उपयोग तो.

आणि मोरोक्कोतल्या कामावर जाणाऱ्या बाईच्या ओट्यावर मंगळवारी काय असतं? प्रेशर कुकर. फ्रेंचांकडून आलेल्या शब्दाने त्याला 'कोकोत' म्हणतात आणि तो घराघरात आहे. शिट्ट्या करून मांस शिजवायचं, मग झाकण काढून रस्सा आटवायचा, हवं तर शेवटी मातीच्या भांड्यात काढून टेबलावर आणायचं. रेस्टॉरंटही थोडंफार हेच करतं: दुपारी मोठ्या पातेल्यात शिजवून ठेवतं, ऑर्डर आली की लहान ताजीनमध्ये गरम करतं. यात फसवणूक वगैरे नाही. मटणाचा रस्सा दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो हे आपल्याला माहीत आहेच.

मग पारख कशाने करायची? झाकण उचलल्यावर फोटो काढून झाला की रस्सा बघा. तो थोडकाच असावा, चकाकणारा, पावाला चिकटेल इतका दाट. मांसाच्या आजूबाजूला पातळ पाणी तरंगत असेल तर आटवायला वेळ दिलेला नाही. दाटपणा पिठाने आणलेला नसतो. तो भरपूर किसलेल्या किंवा बारीक चिरलेल्या कांद्याने आणि आटवण्याने येतो.

आपल्या जिभेला इथे एक गोष्ट खटकू शकते. मोरोक्कन रश्श्यात फोडणी नाही. कांदा, मांस, तेल, सुंठ, हळद, मिरी, केशर, कोथिंबिरीची जुडी, सगळं बहुतेकदा एकत्रच भांड्यात जातं आणि सावकाश शिजतं. तिखट जवळजवळ नसतं. मसाल्यांची यादी वाचून 'हे तर आपलंच' असं वाटतं आणि पहिल्या घासाला ते फिकं लागतं. अशा वेळी हरिस्सा मागवून वर ओतायचा मोह होतो. हरिस्सा मुळात ट्युनिशियाचा, पण आता सगळीकडे ठेवतात. माझं ऐका, निदान अर्धं ताजीन तसंच खा. खारवलेल्या लिंबाचं आणि ऑलिव्हचं चिकन असेल तर त्यातलं लिंबू आधी नुसतं चाखा. मिठात महिनाभर मुरलेल्या लिंबाची साल. आंबटपणा गेलेला, वास मात्र दुप्पट झालेला. तापात मऊभातासोबत आजी द्यायची ते काळं पडलेलं जुनं लिंबू आठवेल. आपण ते तोंडी लावतो, त्यांनी ते रश्श्यात घातलं.

मेनूवर 'रास एल हानूत' हे नाव हमखास असतं आणि प्रत्येक पदार्थात ते घातल्याची बढाईही. अर्थ 'दुकानातलं सगळ्यात वरचं', म्हणजे मसालेवाल्याचं आपलं खास मिश्रण. प्रत्येक दुकानाचं वेगळं, आपल्या गोडा मसाल्यासारखं घराण्याचं. पण गोडा मसाला आपण जसा सगळ्यात घालत नाही तसाच तोही रोजच्या प्रत्येक ताजीनमध्ये पडत नाही. पिवळ्या रश्श्याला सुंठ आणि केशर, लालसर रश्श्याला जिरं आणि गोडसर लाल मिरचीची पूड, असे त्यांचे ठरलेले मेळ आहेत. सगळ्या ताजीनांची चव एकसारखी लागली तर आत एकच डबा आहे असं समजायला हरकत नाही.

हा मेनू आला कुठून, हेही थोडं सांगायला हवं. फेझ, रबात, तेतुआन, माराकेशच्या श्रीमंत घरांत स्वयंपाक सांभाळायच्या त्या 'दादा'. आपल्याकडे दादा म्हणजे मोठा भाऊ, तिथे दादा म्हणजे स्वयंपाकघराची मालकीण वाटावी अशी, पण मालकी कशाचीच नसलेली बाई. यातल्या अनेक जणी सहाराच्या दक्षिणेकडून गुलाम म्हणून आणलेल्या बायका किंवा त्यांच्या लेकी-नाती होत्या. ज्या राजेशाही स्वयंपाकाचं कौतुक मेनूच्या पहिल्या पानावर असतं तो त्यांच्या हातात होता, आणि कुठे लिहिलेला नव्हता. १९१२ ते १९५६ मोरोक्कोचा बराच भाग फ्रेंच संरक्षणाखाली होता. त्या काळात आणि नंतर पर्यटकांसाठी जुन्या वाड्यांतून रेस्टॉरंटं वाढत गेली, आणि त्यांनी वाढलं ते श्रीमंत घरातलं सणाचं जेवण. सामान्य माणूस बाहेर खायचा ते वेगळंच: कोळशावर भाजलेले सळईतले तुकडे, तळलेले मासे, गोगलगायींचा रस्सा, सकाळी सुक्या बाकल्याचं दाट सूप.

पुढे १९६३ मध्ये फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी, १९६४ मध्ये बेल्जियम, १९६९ मध्ये नेदरलँड्स यांनी मोरोक्कोशी मजूर भरतीचे करार केले. खाणींत आणि कारखान्यांत गेलेले हे पुरुष मोठ्या संख्येने रीफच्या डोंगरांतले आणि दक्षिणेतल्या सूस भागातले, बर्बर भाषा बोलणारे. त्यांच्या घरचं जेवण जवाची भाकरी, ऑलिव्हचं तेल, डाळी-शेंगा असं. पण त्यांच्या मुलाने ब्रसेल्समध्ये रेस्टॉरंट काढलं तर पाटी लागते माराकेशच्या वाड्याची, कारण गिऱ्हाईक कंदील शोधत येतं. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथल्या 'इंडियन' रेस्टॉरंटांपैकी कितीतरी सिल्हेटच्या बांगलादेशी लोकांनी उभी केली, आणि त्यांच्या घरी शिजणारी शुटकी मेनूवर कधी आली नाही. आपलं भरलं वांगं आणि आळूचं फदफदंही नाही आलं. आपल्याला त्याचं वाईट वाटतं ना? मग नव्या मोरोक्कन मालकाकडेही त्याच नजरेने बघता येईल.

उलट दिशेचं उदाहरणही आहे. मानववंशशास्त्राचं शिक्षण घेतलेल्या फातेमा हाल यांनी १९८४ मध्ये पॅरिसला 'मन्सूरिया' काढलं, आईचं नाव देऊन, आणि दादांचं ज्ञान पुस्तकांत उतरवायचं काम केलं. इंग्रजीत पॉला वोल्फर्ट यांचं १९७३ चं मोरोक्कन पाककृतींचं पुस्तक अजून वाचलं जातं. इस्रायलमध्ये वाढलेल्या आपल्या श्रोत्यांना रेस्टॉरंटचीही गरज नाही. दिमोना हे गाव १९५५ मध्ये वसवलं गेलं तेव्हा सुरुवातीला आलेल्यांत मोरोक्कोचे ज्यू होते, पुढे तिथेच बेने इस्रायल मोठ्या संख्येने आले. मलिदा आणि मोरोक्कन शेजाऱ्यांचं पासओव्हर संपतानाचं मुफलेता एकाच जिन्यात, असं बालपण तिथे शक्य आहे.

शाकाहारी असाल तर जरा जपून. 'सात भाज्यांचा कुसकुस' नावाने शाकाहारी वाटतो, पण भाज्या बहुतेकदा मांसाच्या रश्श्यातच शिजलेल्या असतात. हरीरा हे टोमॅटो, मसूर, चण्यांचं सूप रमजानमध्ये उपास सोडताना खजुरासोबत घेतात. त्यातही मांसाचे तुकडे असू शकतात. 'मांस आहे का' एवढंच विचारू नका, 'रस्सा कशाचा आहे' हे विचारा. बिनधास्त मागवण्यासारखं म्हणजे झालूक: भाजलेलं किंवा उकडलेलं वांगं, टोमॅटो, लसूण, जिरं, ऑलिव्हचं तेल. भरताची मावसबहीणच. तक्तूका भोपळी मिरची आणि टोमॅटोची. आणि सुक्या बाकल्याचा बिस्सारा, वर तेल आणि जिरेपूड. तो गरिबाचा नाश्ता असल्यामुळे मेनूवर क्वचित असतो. दिसला तर लगेच मागवा, कारण तो कुणीतरी कंदिलांची पर्वा न करता ठेवलाय.

पाव मात्र चांगला हवाच. गोल, बसका, रव्याचा अंश असलेला. जुन्या मोहल्ल्यांत घरी मळलेली कणीक फळीवर ठेवून गल्लीतल्या सार्वजनिक भट्टीत पाठवतात, आणि भट्टीवाल्याला कुठला पाव कुणाचा ते बरोबर माहीत असतं. हा पाव म्हणजेच चमचा. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं, तुकडा तोडायचा, रस्सा आणि भाजी त्यात धरायची. आपल्याला हे शिकवावं लागत नाही. अवघड जातं ते दुसरंच: सगळे एकाच भांड्यातून खातात. उष्टं या शब्दावर वाढलेल्या माणसाचा हात तिथे क्षणभर थबकतो. पण त्यांच्याकडेही नियम कडक आहेत. आपल्या समोरचा त्रिकोण आपला, दुसऱ्याच्या बाजूला हात घालायचा नाही, आणि मधलं मांस यजमान वाटून देईपर्यंत थांबायचं. प्रत्येकाचं ताट वेगळं असतंच, फक्त त्याच्या कडा दिसत नाहीत.

चहा उंचावरून ओततात तो तमाशा म्हणून नव्हे. धार लांब असली की चहा थोडा निवतो, साखर मिसळते आणि ग्लासात फेस येतो. फेस नसलेला चहा पाहुण्याला देणं बरं दिसत नाही. इतक्या मोरोक्कन वाटणाऱ्या या पेयातली चहापत्ती मात्र चीनची, गोळ्यांसारखी वळलेली हिरवी. अठराव्या शतकात ती सुलतानांना नजराणा म्हणून यायची. १८५० च्या दशकात क्रिमियन युद्धामुळे इंग्रज व्यापाऱ्यांच्या बाल्टिककडच्या बाजारपेठा अडल्या, तेव्हा त्यांनी माल तांजियर आणि मोगादोरच्या बंदरांत उतरवला आणि चहा घरोघरी पोचत गेला. आपल्या 'परंपरागत' चहामागेही इंग्रजांचाच बाजार आहे, फक्त आपल्याकडे तो आला आसामच्या मळ्यांतून.

बस्तिलाचं राहिलं. कागदासारख्या पातळ पापुद्र्यांत कबुतराचं मांस, अंडं, बदाम, आणि वरून पिठीसाखर आणि दालचिनी. परदेशात कबुतराच्या जागी चिकन असतं. पापुद्रा करायला ओल्या कणकेचा गोळा तापल्या पत्र्यावर टेकवून टेकवून उचलतात, एकेक पान सुटं करत. मांडे करणाऱ्या हातांइतकीच ती कसरत, म्हणून रेस्टॉरंटं तयार फिलोची पानं वापरतात आणि ते चालतं. मांसावर साखर बघून दचकू नका, आणि शेवटी गोड म्हणून ती ठेवू नका. ती जेवणाच्या सुरुवातीला खायची असते.

जायचं तर चौघं-पाचजण मिळून जा. दोन-तीन सॅलडं, एक बस्तिला, दोन वेगवेगळ्या रंगांची ताजीनं, भरपूर पाव, आणि कुसकुस-भात नको म्हणून सांगा. नवीन उघडलेल्या ठिकाणी पहिले काही आठवडे मालक स्वतः टेबलापाशी येतो. तेव्हा त्याला विचारा, शुक्रवारी काय करता? घरच्यांसाठी वेगळं काही शिजत असेल तर ते एक दिवस आधी फोन करून मिळतं का? बऱ्याच ठिकाणी मिळतं, आणि त्याची किंमत मेनूवर लिहिलेली नसते, तेवढी आधी विचारून घ्या.